मागच्या बाकावरच्या खासदाराने सोशल केअरवर (म्हातारी, आजारी माणसांची देखभाल) प्रश्न विचारून खरंच काही होतं का? (इंग्लंड)

मीनल_मिडलँड्स

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण इथे कोणाला तरी माहीत असेल म्हणून विचारते.

माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत. १९७०च्या दशकात इकडे आले, आयुष्यभर बस चालवली. चार वर्षं झाली डिमेन्शिया आहे. पहिल्यांदा नावं विसरायला लागले आणि मग हळूहळू इंग्रजीच गेलं, म्हणजे ज्या माणसाने तीस वर्षं पॅसेंजरशी इंग्रजीत गप्पा मारल्या तो आता फक्त मराठी बोलतो, आणि तीही त्यांच्या लहानपणची साताऱ्याकडची. सकाळी अर्ध्या तासासाठी केअरर (देखभाल करणारी) येते. बाई मायाळू आहे, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण बाबा म्हणतात "लघवीला लागलीय" आणि तिला कळत नाही, ती त्यांच्या हातात चहाचा कप देते. मग ते चिडतात, रडतात. मी तेव्हा शाळेच्या किचनमध्ये कामावर असते, नवरा रात्रपाळी करून झोपलेला असतो.

फेब्रुवारीत बाबा बाथरूममध्ये पडले. तेव्हापासून कौन्सिलकडे (आपल्या नगरपालिकेसारखी) पुन्हा असेसमेंट करा, म्हणजे त्यांना किती मदत लागते ते बघा, म्हणून मागे लागलेय, सात महिने झाले. दर वेळी फोनवर वेगळं माणूस, दर वेळी "तुम्ही यादीत आहात".

शेवटी आमच्या खासदारबाईंना लायब्ररीत भेटायला गेले (त्या शनिवारी लोकांना भेटतात ना, ज्याला इथे सर्जरी म्हणतात). २०२४ला पहिल्यांदाच निवडून आल्यात, सत्ताधारी पक्षाच्याच आहेत पण मंत्री वगैरे नाहीत, म्हणजे मागच्या बाकावरच्या. वीस मिनिटं नीट ऐकून घेतलं. कौन्सिलला पत्र लिहिलं आणि संसदेत लेखी प्रश्नही टाकला, की सोशल केअरच्या असेसमेंटला उशीर होतोय त्याबद्दल सरकार काय पावलं उचलतंय. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं, त्यांच्या ऑफिसने मला पाठवलं. ताकास तूर लागू दिलेला नाही. असेसमेंट ही कौन्सिलची जबाबदारी, सरकारने निधी वाढवलाय, आयोग नेमलाय. संपलं.

नवरा म्हणतो सोडून दे आता, उगाच कौन्सिलशी वैर नको. मला सोडवत नाहीये. मागच्या बाकावरच्या खासदाराच्या अशा प्रश्नांनी खरंच काही हलतं का? आणि मी अजून भारतीय पासपोर्टवर आहे, तर त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जायचा मला हक्क आहे का, हेही सांगा.

शार्दूल_क

मीनलताई, मी तीन वर्षं एका खासदाराच्या मतदारसंघातल्या ऑफिसात केसवर्कर (लोकांच्या तक्रारी हाताळणारा) होतो, त्यामुळे आतून पाहिलंय ते सांगतो.

आधी पासपोर्टचं. त्या मतदारसंघात राहणारा प्रत्येक जण त्यांचा माणूस, पासपोर्ट कुठलाही असो. शिवाय भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला पार्लमेंटच्या निवडणुकीत मतसुद्धा देता येतं. आपल्यातल्या कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं, मतदारयादीत नाव घातलं नसेल तर आजच घाला.

आता मुद्द्याचं. तुमच्या खासदारांनी दोन कामं केली आणि ती दोन अगदी वेगळी आहेत. कौन्सिलला पत्र हे तुमच्या बाबांसाठी. संसदेतला प्रश्न हा बाबांसारख्या सगळ्यांसाठी. प्रश्नाने बाबांचं असेसमेंट पुढच्या आठवड्यात होईल अशी आशा ठेवलीत तर निराशाच होणार, कारण मंत्री कौन्सिलला एका माणसाच्या केसबद्दल आदेश देत नाही. इंग्लंडमध्ये केअर ॲक्ट २०१४ प्रमाणे ही जबाबदारी खरंच कौन्सिलची आहे, तेवढं उत्तरात खरं होतं. कायद्यात असेसमेंट किती दिवसांत व्हायला पाहिजे याची पक्की मुदत नाहीये, वाजवी वेळेत करा एवढंच, आणि सगळं घोंगडं तिथेच भिजत पडतं. म्हणून कौन्सिलकडे रीतसर लेखी तक्रार करा, 'कम्प्लेंट' हा शब्द वापरून, फोनवर नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणारी स्वतंत्र यंत्रणा) जाता येतं, फुकट आहे, साधारण वर्षाच्या आत जायचं. यात वैर वगैरे काही नाही, तो तुमचा हक्क आहे. आणि स्वतःसाठीही केअरर्स असेसमेंट (घरी देखभाल करणाऱ्याला काय मदत लागते ते बघणं) मागा, सुनेला पण तो हक्क आहे, त्याच कायद्यात.

आता प्रश्न. राग मानू नका पण प्रश्न ढिला होता, म्हणून उत्तर ढिलं आलं. "काय पावलं उचलताय" असं विचारलं की मंत्रालयातला अधिकारी तयार परिच्छेद चिकटवतो, त्याला पाच मिनिटं लागतात. प्रश्न असा पाहिजे की कोणाला तरी मोजायला लागेल, नाहीतर मोजत नाही असं लेखी कबूल करायला लागेल. "ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही" हे उत्तर लोकांना फालतू वाटतं, पण आमच्या ऑफिसात असं उत्तर आलं की आम्हाला काम मिळायचं. मंत्री स्वतःच्या सहीने सांगतोय की देशात किती म्हातारी माणसं वाट बघतायत ते मला माहीत नाही. मग त्याच्यावर दुसरा प्रश्न टाकायचा, आधीच्या उत्तराचा नंबर देऊन, की मग ही माहिती गोळा का करत नाही आणि कधीपासून करणार. मग सगळ्या कौन्सिलांना माहितीच्या अधिकाराखाली अर्ज. मग ते आकडे घेऊन वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये (संसदेतच, पण मुख्य सभागृहाबाहेर) चर्चा मागायची, तिथे मंत्र्याला स्वतः येऊन उत्तर द्यावं लागतं, समोर माणूस बसलेला असतो.

हॅरोकर_दादा

शार्दूल, तुझं सगळं बरोबर असेल रे, पण मी इथे ३८ वर्षं आहे आणि सोशल केअरवर एवढे अहवाल, एवढ्या चर्चा पाहिल्यात की आता विश्वास राहिला नाही. मीनलला खोटी आशा नको म्हणून लिहितो.

२०११ला डिल्नॉट आयोगाचा (केअरचा खर्च कोणी करायचा यावरचा) अहवाल आला. म्हणाला की माणसाने आयुष्यभरात केअरवर किती खर्च करायचा याला मर्यादा घाला. २०१४ला कायदा झाला, ७२,००० पौंडांची मर्यादा २०१६पासून लागणार होती. २०१५ला पुढे ढकलली, मग गुंडाळलीच. २०२१ला पुन्हा आणली, ८६,००० पौंड, ऑक्टोबर २०२३पासून. ती २०२२ला ढकलली २०२५वर. आणि जुलै २०२४ला नव्या सरकारने सरळ रद्द केली. आता लुईज केसी यांचा आयोग, त्याचा शेवटचा अहवाल २०२८पर्यंत. आणि ज्याच्याकडे २३,२५० पौंडांपेक्षा जास्त बचत किंवा मालमत्ता आहे त्याला कौन्सिल मदत करत नाही, ती रेषा २०१०पासून तिथेच आहे, एक पौंड हललेली नाही, भाव कुठल्या कुठे गेले.

एक गोष्ट तर माझ्या मनातून जात नाही. जेरेमी हंट आधी सहा वर्षं आरोग्यमंत्री, मग मंत्रीपद गेल्यावर मागच्या बाकावर बसून हेल्थ अँड सोशल केअर कमिटीचे (त्या खात्याची तपासणी करणारी खासदारांची समिती) अध्यक्ष झाले. ऑक्टोबर २०२०ला त्यांच्याच समितीने अहवाल दिला की सोशल केअरला २०२३-२४पर्यंत वर्षाला किमान ७ अब्ज पौंड जास्त लागतील. चांगला अहवाल होता. पुढे २०२२ला हेच गृहस्थ अर्थमंत्री झाले आणि खर्चाची मर्यादा दोन वर्षं पुढे कोणी ढकलली तर त्यांनीच. थोडा निधी वाढवला हे मान्य. पण जो माणूस तपासणी करतो त्याच्याच हातात तिजोरी आली तरी हे असं होतं, तर पहिल्यांदा निवडून आलेल्या खासदाराच्या प्रश्नाने काय होणार?

माझ्या सासूबाई तीन वर्षं केअर होममध्ये होत्या, घर विकावं लागलं. मीनल, तुमच्या बाबांना कधी होममध्ये ठेवायची वेळ आलीच तर आधी घराचा नियम नीट वाचा. जोडीदार किंवा ६० वर्षांवरचं नातेवाईक त्या घरात राहात असेल तर घराची किंमत धरत नाहीत. आणि केअर घरीच मिळत असेल तर घर मोजतच नाहीत. आम्हाला हे वेळेवर कोणी सांगितलं नाही.

शार्दूल_क

दादा, तुमच्या बाबतीत जे झालं ते वाईट झालं आणि तुमचा राग मला समजतो. डिल्नॉटचा सगळा इतिहास तुम्ही मांडलात तो खराच आहे, त्यात मी एक शब्द खोडणार नाही. पण दुसरी बाजू पण तेवढीच खरी आहे म्हणून सांगतो.

दूषित रक्ताचं प्रकरण आठवा. १९७० आणि ८०च्या दशकात एनएचएसमधून (इथली सरकारी आरोग्यसेवा) दिलेल्या रक्तामुळे आणि हिमोफिलियाच्या (रक्त न गोठण्याचा आजार) औषधामुळे ३०,०००हून जास्त लोकांना एचआयव्ही नाहीतर हेपॅटायटिस झाला, साधारण ३,००० माणसं गेली. सरकारं आली आणि गेली, सगळ्यांनी हात झटकले. डायना जॉन्सन म्हणून हल नॉर्थच्या खासदार, त्यांच्याकडे मतदारसंघातला एक पीडित माणूस आला, अगदी मीनलताई गेल्या तसाच. बाईंनी तो विषय वर्षानुवर्षं सोडला नाही. प्रश्न, चर्चा, पत्रं, सगळ्या पक्षांचे खासदार गोळा करणं. जुलै २०१७मध्ये त्यांनी सभागृहात तातडीची चर्चा मिळवली आणि त्याच दिवशी थेरेसा मे यांच्या सरकारने चौकशी जाहीर केली. तेव्हा मे यांच्याकडे बहुमत नव्हतं हेही खरं, वेळ साधता आली पाहिजे. पुढे भरपाई लांबायला लागली तेव्हा डिसेंबर २०२३ला त्यांनीच एका विधेयकात दुरुस्ती आणली, २४६ विरुद्ध २४२ने पास झाली, सरकार चार मतांनी हरलं. मे २०२४ला चौकशीचा अहवाल आला आणि भरपाई देणारी संस्था कायद्याने उभी राहिली. अनेक माणसं ते बघायला जिवंत नव्हती, ते दुःख आहेच. पण त्या बाई नसत्या तर अजूनही कागदी घोडेच नाचत असते.

आणि अगदी आपल्या विषयातलं सांगतो. वेंडी चेंबरलेन, स्कॉटलंडमधल्या नॉर्थ ईस्ट फाइफच्या खासदार, लहान पक्षाच्या, मंत्रीबिंत्री नाहीत. दर अधिवेशनात खासदारांच्या नावांची सोडत निघते, वीस नावं, त्यांना स्वतःचं विधेयक आणता येतं, शुक्रवारी चर्चा होते. त्यांनी केअरर्स लीव्ह ॲक्ट २०२३ आणला. मीनलताई, तुम्ही शाळेत नोकरी करता ना, ६ एप्रिल २०२४पासून तुम्हाला वर्षाला एक आठवडा रजा घ्यायचा हक्क आहे बाबांसाठी, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. बिनपगारी आहे, ते पुरेसं नाही हे मलाही कळतं. पण असेसमेंटच्या दिवशी घरी थांबायला कोणाच्या पाया पडायला नको.

कोल्हापूरची_अश्विनी

मी केअरर आहे. म्हणजे दुसऱ्या बाजूने लिहितेय.

मीनलताई, तुमच्या बाबांचं वाचून पोटात तुटलं. मी एका एजन्सीत होते, नाव लिहीत नाही, तिथे रोटामध्ये (कामाच्या वेळापत्रकात) एका घरातून दुसऱ्या घरी जायचा वेळच धरलेला नसायचा. अर्धा तास लिहिलेला असतो, त्यातली दहा मिनिटं बसमध्ये, मग धावत जायचं, पॅड बदलायचं, गोळ्या द्यायच्या, ॲपवर टिक करायचं, निघायचं. माणसाशी बोलायला वेळ कुठंय. एक गुजराती आजी होत्या, त्यांना पण इंग्रजी गेलेलं. मला गुजराती येत नाही पण त्या "पाणी" म्हणाल्या ते कळायचं, त्या माझा हात सोडायच्या नाहीत. ऑफिसला सांगितलं की मला त्यांच्याकडेच पाठवा, त्यांनी रोटा बदलला नाही, कारण भाषा लिहायची जागाच नव्हती सिस्टीममध्ये.

आणि आम्ही बोलू पण शकत नाही हो. व्हिसा मालकाच्या हातात, स्पॉन्सरशिप गेली तर ६० दिवसांत दुसरा मालक शोधा नाहीतर परत जा. २०२२च्या फेब्रुवारीत आम्हाला व्हिसा उघडला, मार्च २०२४पासून नवीन येणाऱ्यांना नवरा-मुलं आणायला बंदी, जुलै २०२५पासून बाहेरून नवीन भरतीच बंद. माझ्याबरोबरच्या दोघी एजंटला लाखो रुपये देऊन आल्या होत्या आणि इथे आल्यावर त्यांना आठवड्याला आठ-दहा तासच काम.

मग पब्लिक अकाउंट्स कमिटीने (सरकारी खर्च तपासणारी खासदारांची समिती) २०२५ला अहवाल दिला, की केअर वर्करना व्हिसा उघडताना शोषणाचा धोका किती आहे हे सरकारने नीट बघितलंच नव्हतं. मी तो अहवाल फोनवर बसमध्ये वाचला. त्यात माझं नाव नव्हतं पण माझंच लिहिलं होतं सगळं. दादा, तुम्ही म्हणता अहवालाने काय होतं, पैसे तर मला मिळाले नाहीत, खरंय. पण तोपर्यंत मला वाटायचं माझंच काहीतरी चुकलं, मीच नीट चौकशी न करता आले. कोणीतरी मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून हे विचारलं हे माझ्यासाठी मोठं होतं.

प्रसाद_पुणे

भारतातून लिहितोय, वकील आहे. आपल्याकडे विधानसभेत तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न आणि लक्षवेधी असते, साधारण त्याच वळणाचं आहे हे सगळं, घेतलंय तिकडूनच. पण एक फरक मोठा वाटतो. संसदेच्या आपल्या स्थायी समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, समोर सहसा खात्याचे सचिव येतात. तिकडे मंत्री स्वतः समितीपुढे बसतो आणि घरबसल्या कोणालाही लाइव्ह बघता येतं. शिवाय २०१०पासून समितीचा अध्यक्ष पक्षनेते नेमत नाहीत, खासदार गुप्त मतदानाने निवडतात. आत्ताच्या हेल्थ अँड सोशल केअर समितीच्या अध्यक्ष लैला मोरान तर विरोधी पक्षातल्या आहेत.

मीनलताई, ही समिती एखाद्या विषयाची चौकशी उघडते तेव्हा सामान्य माणसालाही लेखी म्हणणं पाठवता येतं. मे २०२५चा त्यांचा अहवाल सोशल केअर सुधारली नाही तर त्याची किंमत किती, याच विषयावर होता. तुमच्या घरात ती किंमत रोज मोजली जातेय, तुमचे कमी झालेले कामाचे तास, बाबांचं पडणं. पुढची चौकशी उघडली की पाठवा.

हॅरोकर_दादा

अश्विनी, तुझं वाचून गप्प बसलो. माझ्या सासूबाईंना शेवटी शेवटी एक केरळची मुलगी सांभाळायची, तिचा पण व्हिसा असाच होता असणार, मी कधी विचारलंच नाही.

शार्दूल, रक्ताच्या प्रकरणाचं मान्य. पण मग केअरर्स अलाउन्सचं (घरच्याची देखभाल करणाऱ्याला सरकार देतं तो भत्ता) पण सांग ना. आठवड्याची कमाई मर्यादेच्या एक पौंड वर गेली की पूर्ण अलाउन्स बंद, आणि खात्याला ते माहीत असूनही वर्षानुवर्षं सांगायचे नाहीत, मग एकदम हजारो पौंड परत मागायचे. २०१९ला खासदार फ्रँक फील्ड यांच्या संसदीय समितीने हे सगळं सांगितलं होतं. २०२४ला वर्तमानपत्रांनी पुन्हा काढलं तेव्हा सगळे जागे झाले. मधली पाच वर्षं कोणाची गेली?

शार्दूल_क

ती पाच वर्षं केअरर लोकांची गेली दादा, यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगतो, की २०२४ला विषय पुन्हा निघाला तेव्हा "आम्हाला माहीत नव्हतं" असं म्हणायची सोय सरकारकडे राहिली नव्हती, कारण २०१९चा अहवाल समोर होता. मग स्वतंत्र तपासणी नेमली, आणि एप्रिल २०२५ला कमाईची मर्यादा १५१वरून १९६ पौंड केली. एक पौंडाचा कडेलोट मात्र अजून तसाच आहे.

मीनलताई, मला अश्विनीच्या प्रतिसादातलं एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, भाषा लिहायची जागाच सिस्टीममध्ये नव्हती. तुमचा पुढचा प्रश्न तिथे आहे. उशिराबद्दल शेकडो खासदार विचारतात. डिमेन्शियात इंग्रजी गेलेल्या माणसाला त्याच्या भाषेतला केअरर मिळतो का, हे फार कमी लोक विचारत असतील. आणि हे फक्त मराठी माणसाचं नाही, पंजाबी, गुजराती, बंगाली, पोलिश, वेल्श सगळ्यांचं आहे, त्यामुळे तुमच्या बाईंना दुसऱ्या पक्षांचे खासदारही साथीला मिळतील. अजून एक, २०२३पासून केअर क्वालिटी कमिशन (केअरचा दर्जा तपासणारी संस्था) कौन्सिलांचीही तपासणी करतं, फक्त होम्सची नाही. तुमच्या कौन्सिलचा अहवाल आलाय का बघा, त्यात वाट बघण्याबद्दल काही असेल तर ते तक्रारीत जसंच्या तसं घाला.

मीनल_मिडलँड्स

सगळ्यांचे प्रतिसाद काल रात्री नवऱ्याला वाचून दाखवले. अश्विनीचं वाचताना तो उठून बाबांच्या खोलीत गेला. सकाळी म्हणाला तक्रारीचं पत्र आपण दोघं मिळून लिहू. कौन्सिलचा अहवाल सापडला, त्यात असेसमेंटला लोकांना फार वाट बघावी लागते असं सरळ लिहिलंय.

खासदारबाईंसाठी हे लिहिलंय, शार्दूल जरा बघता का: "केअर असेसमेंट करताना त्या व्यक्तीला कुठली भाषा समजते याची नोंद इंग्लंडमधल्या किती कौन्सिल ठेवतात, आणि डिमेन्शिया असलेल्या किती लोकांना त्यांच्या भाषेतला केअरर दिला गेला, हे आरोग्यमंत्री सांगतील का?"

अश्विनी, तू कुठल्या गावात आहेस ते मेसेज कर गं. जवळ असशील तर एखाद्या रविवारी ये जेवायला, बाबांशी बोलशील थोडं.

शार्दूल_क

छान आहे. फक्त दोन वेगळे प्रश्न करा, एकात दोन घातले की सोप्या भागाचं उत्तर देतात आणि अवघड भाग गिळतात. दुसरं, सगळ्या वर्षांचे आकडे मागू नका, उत्तर शोधायला ८५० पौंडांपेक्षा जास्त खर्च येत असेल तर त्याच कारणाने नकार देता येतो. मागचं एकच वर्ष धरा. आणि त्यांच्या ऑफिसला सांगा नेम्ड डे प्रश्न म्हणून टाका, त्याला उत्तराची तारीख ठरलेली असते. माहिती ठेवत नाही असं उत्तर आलं तर त्या उत्तराचा नंबर इथे टाका, पुढचा प्रश्न आपण सगळे मिळून लिहू.

कोल्हापूरची_अश्विनी

ताई मेसेज केलाय. ट्रेनने ४० मिनिटं आहे. बाबांना पिठलं-भाकरी चालते का, करून आणते.